आपल्या हातातली कला, विशेष मुलांसाठी



मी ठाण्याहून, वागळे इस्टेटमधून बोलते आहे. इथल्या वस्त्यांमध्ये बचत गटांची समन्वयक म्हणून मी काम करते. एरवी आपलं बोलणं बचतीचं, कर्जाचं आणि हप्त्याचं असतं. आज मात्र मी तुमच्याकडे पैसे सोडून दुसरंच काही मागणार आहे. आठवड्यातला एक तास, आणि तुमच्या हातात असलेली कला.

तुमच्यातल्या काही जणी लगेच म्हणतील, "अहो ताई, आमच्या हातात कसली कला? आम्ही काय चित्रकार आहोत?" पण तुम्हाला ठिपक्यांची रांगोळी येते. गोधडीला टाके घालता येतात. जात्यावरच्या ओव्या येतात, भोंडल्याची गाणी येतात, मंगळागौरीचे खेळ येतात. कुणाला मातीची चूल घालता येते, कुणाला पत्रावळ लावता येते. हे सगळं कलेतच जमा आहे. आपण ते घरकामात धरतो, म्हणून त्याची किंमत आपल्यालाच कळत नाही.

ही कला मी मागते आहे ती आपल्या शेजारच्या विशेष मुलांसाठी. ज्याला नीट दिसत नाही, ऐकू येत नाही, ज्याचे हातपाय ताठ होतात, ज्याची समज वयाच्या मानानं सावकाश वाढते, जे मूल स्वतःतच मग्न असतं, अशी मुलं. २०१६ सालच्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार दिले आहेत. आधीच्या १९९५ च्या कायद्यात ते फक्त ७ होते. म्हणजे जी मुलं पूर्वी "हट्टी", "वेडसर", "मठ्ठ" अशा नावांनी बाजूला पडत होती, त्यातल्या कित्येकांना आता कायद्यानं ओळख दिली आहे. शेजाऱ्यांनी मात्र अजून दिलेली नाही.

आमच्या भागाबद्दल थोडं सांगते. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली आणि तिच्या अगदी सुरुवातीच्या वसाहतींमध्ये वागळे इस्टेट होती. सातारा, सांगली, जळगाव, कोकण, सगळीकडून माणसं इथं कारखान्यांत कामाला आली. किसननगर, सावरकरनगर, लोकमान्यनगर, इंदिरानगर अशा वस्त्या भरत गेल्या. पुढं बरेच कारखाने बंद झाले. आता बायका घरबसल्या मणी ओवतात, कपड्यांचे धागे कापतात, पाकिटं भरतात. पैसे डझनावर मिळतात. बाकीच्या धुणीभांड्याला जातात.

आता अशा घरात एक विशेष मूल आहे असं धरा. खोली एकच, दार उघडलं की गल्ली. नवरा कामावर. आईला चार घरची कामं. मग ती मुलाला खाऊ घालते, टीव्ही लावून देते आणि बाहेरून कडी घालून जाते. तिला बोल लावू नका. पोराला गल्लीत सोडलं तर रिक्षा, मोटारसायकली, चिडवणारी पोरं. घरात ठेवलं तर निदान जिवंत तरी राहील, हा तिचा हिशेब असतो. गावाकडं अंगण असतं, पण पाहुणे आले की त्याही मुलाला आतल्या खोलीत नेतात, हे तुम्हीही पाहिलं असेल.

आमच्या गटात ११ जणी आहेत. अशी ७ मुलं आमच्या दोन गल्ल्यांत आहेत, हे आम्हाला कळलं ते कर्जाच्या कागदपत्रांसाठी घरोघरी गेल्यावर. तेव्हा बैठकीत विषय निघाला की, आठवड्यातून एक तास या मुलांना एकत्र बसवून काही करावं का? एकीनं सरळ विचारलं, "एक तास म्हणजे माझे चार डझन गेले. ते कोण देणार?" प्रश्न खरा होता. सेवा, पुण्य असले शब्द वापरून तो उडवून लावणं बरं नव्हे. गरिबाचा वेळ फुकटचा नसतो.

मग आम्ही तोडगा काढला. दर शनिवारी दुपारी दोघी बसायचं. त्यातली एक कायमची, दुसरी पाळीनं. म्हणजे पाळीवालीला दहा आठवड्यांतून एकदाच यावं लागतं. एक कायमची का, तर या मुलांना ओळखीचं तोंड लागतं. दर वेळी नवी बाई आली की त्यांचा अर्धा तास घाबरण्यातच जातो. जी कायमची बसते तिचा चहा, बसभाडं आणि साहित्याचा खर्च गटाच्या किरकोळ खर्चातून जातो, आणि इतर कामांतून तिला सूट आहे. मुलांच्या आयांपैकीही एक जण सोबत असतेच. कुणीही बाई किंवा पुरुष मुलाबरोबर एकटा बसणार नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून आहे. तो तुम्हीही ठेवा.

आता, कलेनं काय होतं? चित्र काढल्यानं अपंगत्व जात नाही. असं सांगून कुणी पैसे मागितले तर देऊ नका. पण ज्या मुलाला बोलून सांगता येत नाही, त्याला सांगण्याची दुसरी वाट कलेतून मिळते. आपल्याच मुलखातलं उदाहरण देते. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. डहाणू तालुक्यातल्या गंजाडजवळच्या पाड्यावर ते राहायचे. तो भाग तेव्हा आमच्याच ठाणे जिल्ह्यात होता, आता पालघरमध्ये आहे. लहानपणी आई गेली आणि त्या धक्क्यानं त्यांचं बोलणंच बंद झालं, कितीतरी दिवस ते मातीत चित्रं काढून आपलं म्हणणं सांगत, असं त्यांच्याबद्दल सांगतात. वारल्यांमध्ये लग्नाचा चौक बायका लिहीत. त्या बायकांची कला या न बोलणाऱ्या मुलाच्या हाती आली. पुढे १९७० च्या दशकात भास्कर कुलकर्णी नावाचे कलावंत कागद आणि रंग घेऊन त्या पाड्यांवर गेले. मशे यांचं काम जगभर पोचलं. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

प्रत्येक मूल पद्मश्री होईल असं मी म्हणत नाही. त्या मुलापाशी माती होती, आणि पुढं त्याच्यासाठी कुणीतरी कागद घेऊन आलं. एवढंच आपल्या हातात आहे, आणि ते पुरेसं आहे.

दुसरं उदाहरण आमच्या ठाण्याचं. नाटककार रत्नाकर मतकरी यांनी २०१४ साली, पंचाहत्तरीच्या घरात असताना, ठाण्यातल्या वस्त्यांमधल्या मुलांसाठी 'वंचितांचा रंगमंच' सुरू केला. एवढा मोठा नाटककार, पण आपलंच नाटक पाठ करा असं त्यांनी मुलांना सांगितलं नाही. मुलांनी आपल्या जगण्यातले विषय घेऊन नाटुकली उभी केली. ती मुलं विशेष मुलं नव्हती, वस्तीतली होती. पण शिकण्यासारखं आपल्याला तेच आहे. ज्याला कला येते त्यानं जरा मागं सरकायचं आणि मुलाला करू द्यायचं.

मागं सरकणं आपल्याला जड जातं. मुलाची रेघ वाकडी गेली की आपण त्याचा हात धरून सरळ करतो. त्याच्या पणतीवर रंग सांडला की पुसून नक्षी काढतो. मग काम सुंदर होतं, पण ते आपलं असतं. यावर एक सोपी युक्ती आहे. कामाचे लहान लहान टप्पे पाडायचे. सुरुवातीचे टप्पे आपण करायचे आणि शेवटचा मुलाला ठेवायचा. समजा तोरण करायचं आहे. तर दोरा ओवून, पानं लावून द्या आणि शेवटचं पान त्याला लावू द्या. तोरण पुरं झालं ते त्याच्या हातानं. पुढच्या वेळी शेवटची दोन पानं. मग तीन. असं उलटं मागं जात राहायचं.

आता कुठल्या मुलाबरोबर काय करता येईल, ते थोडक्यात सांगते.

ज्या मुलाची बोटं ताठ आहेत, पकड बसत नाही, त्याच्या ब्रशला किंवा खडूला जुन्या कापडाची पट्टी गुंडाळून जाड करा. कागद चिकटपट्टीनं पाटाला चिकटवा, म्हणजे सरकत नाही. मुलाला कोपऱ्यात उशा लावून नीट टेकून बसवा. अंग डळमळत असेल तर हात कामाला लागत नाही.

रांगोळी काढणार असाल तर एक सांभाळा. बाजारची रांगोळी दगडाची पूड असते, रंगही रासायनिक असतात. बरीच मुलं हात तोंडात घालतात. त्यांना तांदळाचं पीठ द्या, हळद द्या, नाहीतर कणकेचा गोळा मळून द्या, बिटाचा रस घालून लाल करून द्या. मातीकाम करायचं असेल तर शाडू किंवा कुंभाराकडची चाळलेली माती चांगली. मात्र मातीचा स्पर्श नको असणारी मुलंही असतात. जबरदस्ती करू नका. त्यांना आधी चमच्यानं माती ढवळू द्या.

ज्या मुलाला दिसत नाही, त्याच्यासाठी पुठ्ठ्यावर डिंकानं सुतळी चिकटवून आकार करा. आत तांदूळ, मसूर, तीळ असे वेगवेगळे पोत भरू द्या. ब्रेल लिपी सहा ठिपक्यांची असते, तीन-तीनच्या दोन उभ्या ओळी, आणि त्या ठिपक्यांतून सगळी अक्षरं. ठिपक्यांवरून आकार ओळखणं आपल्या बायकांना काही नवीन नाही. मराठीत 'स्पर्शज्ञान' नावाचं ब्रेल पाक्षिक २००८ पासून निघतं. ते सुरू केलं स्वागत थोरात यांनी. ते छायाचित्रकार आणि नाट्यदिग्दर्शक. अंध कलाकारांना घेऊन त्यांनी मोठी नाटकं बसवली. म्हणजे दिसत नाही म्हणून रंगमंचावर वावरता येत नाही, हेही खरं नाही.

ज्याला ऐकू येत नाही, त्याच्याशी ओरडून बोलू नका. त्याच्या समोर बसा, उजेड तुमच्या चेहऱ्यावर येऊ द्या, सावकाश बोला, हातांनी दाखवा. ढोलकी वाजवताना त्याचा तळहात ढोलकीच्या खोडावर ठेवा. ताल त्याला हातातून कळतो. आमच्याकडची एक मुलगी असाच हात ठेवून बरोबर सम धरते, आणि चुकलेल्या बाईकडं डोळे वटारून बघते!

स्वमग्न मुलाला अचानकचा आवाज, गर्दी सहन होत नाही. त्याच्यासाठी तीच जागा, तीच वेळ, तोच क्रम ठेवा. आधी चटई, मग पाणी, मग रंग, मग आवराआवर. तो तुमच्या डोळ्यांत बघत नसला तरी ऐकत असतो. "इकडं बघ, इकडं बघ" म्हणून मागं लागू नका.

भोंडला असेल तर या मुलींना फेरात घ्या, खुर्चीवर बसवून बघायला लावू नका. फेर जरा हळू धरला तर काही बिघडत नाही. खिरापत ओळखायच्या वेळी बोलता न येणाऱ्या मुलीच्या हातात डबा द्या. ती हलवून बघेल, वास घेईल, बोट दाखवेल. सगळ्या पोरींच्या आधी तीच ओळखेल कदाचित.

आणखी एक महत्त्वाचं. यातल्या काही मुलांना आकडी येते, म्हणजे फिट येते. ती आली तर घाबरू नका. मुलाला कुशीवर वळवा, आजूबाजूची टोकदार वस्तू दूर करा, घड्याळ बघा. तोंडात चमचा, पाणी काहीही घालू नका. चप्पल, कांदा हुंगवू नका. पाच मिनिटांत थांबली नाही तर ताबडतोब दवाखान्यात न्या. मुलाला आकडी येते का, हे आईला आधीच विचारून ठेवा.

आता जिथं मतभेद होतात त्या दोन गोष्टींबद्दल बोलते.

पहिली कार्यक्रमाची. मुलं थोडी रुळली की कुणीतरी म्हणतंच, यांना उत्सवात स्टेजवर आणू या, लोक खूश होतील, देणगी मिळेल. आमच्याकडंही एका मंडळाकडून असा निरोप आला. आयांमध्येच दोन मतं पडली. एक म्हणाली, "नाही न्यायचं, लोक चुकचुकतात." दुसरी म्हणाली, "माझा पोरगा लोकांनी बघावा असं मला वाटतं. पण कीव नको." दोघींचंही खरं होतं. शेवटी असं ठरलं की स्टेज नको. उत्सवाच्या दिवशी मांडवाच्या दाराशी वस्तीतली इतर मुलं रांगोळी काढतात, त्यांच्यातच ही मुलं बसतील. माईकवरून त्यांच्या आजाराचं वर्णन होणार नाही. आईला विचारल्याशिवाय कुणी फोटो काढणार नाही. तसंच झालं. त्या दिवशी कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पण दुसऱ्या दिवसापासून गल्लीतली पोरं एका मुलाला त्याच्या नावानं हाक मारायला लागली. तोवर ती त्याला दुसऱ्याच शब्दानं हाक मारत होती.

दुसरी गोष्ट पैशाची. दिवाळीत अशा मुलांनी रंगवलेल्या पणत्या, पाकिटं विकता येतात. पुष्कळ संस्था ते काम चांगलं करतात. गटांनाही ते सुचतं, कारण विक्री आपल्या अंगवळणी पडलेली असते. करा, जरूर करा. पण हिशेब साफ ठेवा. मुलानं रंगवलेल्या पणतीचा नफा मुलाच्या नावावर, त्याच्या बँकेच्या किंवा पोस्टाच्या खात्यात जायला हवा. आणि जी पणती आपण दुरुस्त केली, ती "विशेष मुलानं केलेली" म्हणून विकायची नाही. गिऱ्हाईक कीव येऊन एकदा घेईल, दुसऱ्यांदा घेणार नाही. मालाचा दर्जा चांगला असेल तर मात्र पुन्हा येईल.

कौतुक कसं करावं, हेही शिकावं लागतं. प्रत्येक रेघेला "वा वा, छान छान" म्हटलं की मुलालाही कळतं, हे खरं नाही. त्यापेक्षा जे घडलं तेच सांगा. "आज तू लाल रंग आपणहून उचललास." "मागच्या वेळी तू पाच मिनिटं बसलास, आज घंटा होईपर्यंत बसलास." आपण नीट पाहत होतो, हे मुलाला त्यातून समजतं.

आणि जे सुरू कराल ते मध्येच सोडू नका. ही मुलं वार लक्षात ठेवतात. आमच्यातला एक जण शनिवारी जेवण झालं की आपली चटई काढून दाराशी बसतो. त्या दिवशी कुणी आलंच नाही, तर त्याला काय सांगायचं? म्हणून सहा महिन्यांचं मोठं वचन देण्यापेक्षा तीन महिन्यांचं लहान वचन द्या आणि ते पाळा. लग्नसराई असेल, सुगी असेल, तर आधीच सांगा की पुढचे तीन शनिवार सुट्टी. कॅलेंडरवर खूण करून दाखवा.

आता तुम्ही काय करायचं? गटाच्या पुढच्या बैठकीत एकच प्रश्न विचारा. आपल्या गावात, वाडीवर अशी मुलं कुठल्या घरात आहेत? अंगणवाडी ताईंना, आशाताईंना माहीत असतं. मग त्या घरी दोघींनी जा. पहिल्या भेटीत सल्ला देऊ नका. कुठला देव करा, कुठल्या वैद्याकडं जा, हे त्या आईनं शंभरदा ऐकलेलं असतं. तिच्याबरोबर बसा, तिच्या हातातलं काम थोडं करा, मुलाला काय आवडतं ते विचारा. बहुतेक वेळा हा प्रश्न तिला आजवर कुणीच विचारलेला नसतो.

बोलता बोलता कागदांचंही विचारा. अपंगत्वाचं प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्ड काढलं आहे का? प्रमाणपत्रावर ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असेल, तर ६ ते १८ वर्षं वयाच्या मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क आहे. जवळच्या शाळेतही, आणि पालकांनी निवडलेल्या विशेष शाळेतही. आमच्याकडं ठाणे महापालिकेची 'जिद्द' ही विशेष मुलांची शाळा आहे. तुमच्या तालुक्यात विशेष शिक्षक कोण आहेत, ते पंचायत समितीच्या शिक्षण विभागात विचारा. आपला एक तास हा शाळेऐवजी किंवा डॉक्टरऐवजी नाही. तो त्यांच्या जोडीला आहे.

मग एक कला निवडा. एकच. ज्या बाईला रांगोळी आवडते तिनं रांगोळी, जिचा गळा बरा आहे तिनं गाणं. वार ठरवा, जागा ठरवा, कायमची बसणारी एक जण ठरवा. साहित्यात तांदळाचं पीठ, जुन्या साड्यांचे तुकडे, पुठ्ठे, सुतळी, माती. सगळं घरातच सापडतं.

गटात आपण एकमेकींना जामीन राहतो. एकीचा हप्ता चुकला तर बाकीच्या सांभाळून घेतात. या मुलांच्या आयांना आजवर कुणी जामीन राहिलेलं नाही. त्यांची ही एका तासाची जोखीम आपण उचलू शकतो. येत्या बैठकीच्या वहीत हा विषय लिहून ठेवा, आणि तुमच्याकडं काय ठरलं ते पत्रानं या रेडिओला जरूर कळवा.